डिझेलचे घोडे वाढवण्याआधी

जानेवारी २०१९ मध्ये टाटा हॅरिअर बाजारात आली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली १,९५६ सीसीचं डिझेल इंजिन होतं. घडण मूळची फियाटची, उत्पादन पुण्याजवळच्या रांजणगावचं. हॅरिअरमध्ये या इंजिनाची ताकद होती १४० पीएस. तेवढ्याच सीसीचं, त्याच घराण्यातलं इंजिन घेऊन जीप कंपास २०१७ पासूनच रस्त्यावर धावत होती आणि तिच्यात ते १७३ पीएस देत होतं. २०२० मध्ये हॅरिअरही १७० वर पोचली. जुनी हॅरिअर दारात उभी असलेल्याला मग साहजिकच वाटतं की आपले तीस घोडे कंपनीने अडवून ठेवले आहेत. लॅपटॉप जोडून तासाभरात ते मोकळे करून देणारेही पुण्या-मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत सापडतात.

पण माहितीपत्रकातला दुसरा आकडा पाहिला की चित्र बदलतं. १४० पीएसच्या हॅरिअरचा टॉर्क होता ३५० न्यूटन मीटर. १७० पीएसच्या हॅरिअरचाही ३५०च, आणि तोही त्याच १,७५० ते २,५०० आरपीएमच्या पट्ट्यात. दोन्ही इंजिनं कमाल ताकद देतात ती ३,७५० आरपीएमला. तिथला टॉर्क हिशेबाने काढला तर जुन्यात तो २६२ च्या आसपास येतो, नव्यात ३१८ च्या. म्हणजे इंजिन वर चढताना आधी जिथे दम सोडत होतं, तिथे कंपनीने त्याला तग धरायला लावलं. क्लच आणि गिअरबॉक्सवर येणारा कमाल पीळ होता तेवढाच राहिला.

बाहेर होणाऱ्या रिमॅपमध्ये, म्हणजे लॅपटॉप जोडून केलेल्या बदलात, बहुतेक वेळा याच्या उलट घडतं. टॉर्कचा डोंगर उभा केला जातो तो १,८०० ते २,२०० आरपीएमला, कारण ट्रायलला निघालेल्या गिऱ्हाइकाची पाठ पहिल्या दोन चौकांतच सीटला टेकायला हवी असते. कागदावर घोडे दोन्हीकडे वाढलेले दिसतात. गाडीच्या आयुष्याचा हिशेब मात्र पार वेगळा होतो. म्हणून ज्यांना हा मोह होतो आहे, त्यांनी पीएसचा आकडा विचारण्याआधी टॉर्कचा आलेख मागावा.

पंपाच्या स्क्रूपासून लॅपटॉपपर्यंत

डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती आत किती इंधन फवारलं यावर. हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते. पेडल दाबल्यावर वाढतं ते डिझेल. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण दोन्ही मिसळायला सेकंदाचा काही हजारावा भागच मिळतो, त्यामुळे प्रत्यक्षात हवा अठरा किलोच्या खाली आली की धूर काळा पडू लागतो. ताकद वाढवायची तर टर्बोकडून जास्त हवा मागायची आणि त्या बेताने इंधन वाढवायचं, हा सरळ मार्ग. हवेची फिकीर न करता नुसतं इंधन ओतायचं, हा आडमार्ग.

आडमार्ग जुना आहे. ट्रक-टेम्पोच्या जमान्यात ‘पंप-नोझल’ अशी पाटी लावलेल्या दुकानात गाडी उभी करायची, मेस्त्री पंपाचा स्क्रू थोडा फिरवायचा, आणि घाटात रखडणारी गाडी ओढायला लागायची. मागे धुराचा लोट सोडून. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून कॉमन रेल तंत्र प्रवासी मोटारीत आलं आणि स्क्रूची जागा कंट्रोलरने घेतली. आता १,६०० ते २,००० बार दाबाने, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सोळाशे किलोहून जास्त जोराने, डिझेल सिलिंडरमध्ये शिरतं. ते किती, कधी आणि किती वेळ फवारायचं हे सॉफ्टवेअरमधले तक्ते ठरवतात.

पेडल दाबलं की कंट्रोलर ‘चालकाला एवढा टॉर्क हवा’ अशी मागणी नोंदवतो. मग ती मागणी एकेका चाळणीतून जाते. इतकं डिझेल जाळायला हवा पुरेशी आहे का? या गिअरला एवढा टॉर्क चालतो का? एक्झॉस्ट फार तापलाय का? गाडी उंचावर आहे का? सगळ्या चाळण्यांतून जे उरतं, तेवढंच डिझेल इंजेक्टर सोडतो. रिमॅप म्हणजे हे तक्ते बदलणं. चांगला ट्यूनर मागणी वाढवतो, पण चाळण्या जागेवर ठेवतो. वाईट ट्यूनर चाळण्याच काढून टाकतो. काम लवकर होतं आणि गाडी ट्रायलला जास्त झेपावते.

ट्यूनिंग बॉक्सचं तंत्र वेगळं. ही छोटी डबी सेन्सर आणि कंट्रोलर यांच्यामध्ये बसते आणि रेलमधला दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं कंट्रोलरला सांगते. कंट्रोलर बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं. डबी काढली की गाडी पुन्हा मूळ पदावर, हा तिचा फायदा. तोटा असा की, कंट्रोलरला खरी परिस्थिती कळतच नाही, त्यामुळे त्याच्या सगळ्या चाळण्या खोट्या माहितीवर चालतात. कंट्रोलरला सोळाशे बार दिसत असताना प्रत्यक्षात पंप आणि इंजेक्टर किती दाब सोसताहेत, हे फक्त डबीलाच ठाऊक.

तिसरी वस्तू पेडल बॉक्स. तिने एक घोडाही वाढत नाही. अर्धं पेडल दाबलं की कंट्रोलरला पाऊण दाबल्याचं सांगितलं जातं, एवढंच. तरीही ज्यांची तक्रार ‘गाडीला पिकअप नाही’ एवढीच असते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं समाधान तेवढ्यावर होतं. क्लच, टर्बो, इंजेक्टर यांचा कमाल भार आहे तिथेच राहतो, हेही तिच्या बाजूने सांगायला हवं.

राखीव ताकद कोणासाठी राखलेली असते

कंपनी इंजिनाची सगळी ताकद बाहेर काढत नाही, हे खरं आहे. त्यातला काही भाग धंद्याचा असतो. एकच इंजिन स्वस्त आणि महाग अशा दोन गाड्यांत वेगवेगळ्या ताकदीने विकता येतं. पण उरलेला भाग चंद्रपूरच्या मे महिन्यासाठी असतो. पारा ४५ वर, एसी सुरू, पाच माणसं आणि टपावर सामान, समृद्धी महामार्गावर ताशी १२० चा वेग तासन्‌तास. बाहेरची हवाच इतकी तापलेली की इंटरकूलरला ती थंड करता येत नाही. गरम हवा विरळ, विरळ हवेत प्राणवायू कमी, आणि एक्झॉस्टचं तापमान वर. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा दहा-बारा टक्के विरळ असते. तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. शिवाय धुळीने भरलेला एअर फिल्टर, आडगावच्या पंपावरचं डिझेल आणि दोन महिने लांबलेली सर्व्हिस हे सगळं कंपनीने गृहीत धरलेलं असतं, कारण वॉरंटी तिला द्यायची असते. फेब्रुवारीतल्या सकाळी पुण्यात ट्रायल घेतलेली रिमॅपची फाइल या सगळ्याला पुरून उरेल का, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायचा असतो.

कधी कधी फरक सॉफ्टवेअरचा नसून लोखंडाचा असतो. १,२४८ सीसीचं फियाट मल्टिजेट इंजिन हे आपल्याकडचं ठळक उदाहरण. स्विफ्ट डीडीआयएसमध्ये ते ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर देत होतं. एर्टिगात तेच ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर, तर फियाट पुंटोच्या वरच्या आवृत्तीत ९३ पीएस आणि २०९ न्यूटन मीटर. मधला फरक टर्बोचा. ७५ पीएसच्या इंजिनाला साधा टर्बो, ९० च्या इंजिनाला पात्यांचा कोन बदलणारा व्हीजीटी. साध्या टर्बोच्या स्विफ्टमधून फाइल बदलून नव्वदी गाठता येते, पण वरच्या आरपीएमला तो छोटा टर्बो हवा पुरवताना धापा टाकतो आणि कमी पडलेली हवा धुराच्या रूपाने मागे दिसते. टॉर्कमध्ये कंपनीने केलेली वाढ पाहा: १९० वरून २००, फार तर २०९.

महिंद्राच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या गाड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. स्कॉर्पिओ-एनच्या १७५ पीएसच्या डिझेल इंजिनाला ऑटोमॅटिकमध्ये ४०० न्यूटन मीटर दिलेत, मॅन्युअलमध्ये ३७०. एक्सयूव्ही ७०० च्या १८५ पीएसमध्येही ऑटोमॅटिकला ४५० आणि मॅन्युअलला ४२०. इंजिन जास्त देऊ शकतं हे कंपनीला माहीत आहे, तरी मॅन्युअलवाल्याला तीस न्यूटन मीटर कमी मिळतात. टॉर्कची हद्द ठरवताना इंजिनाच्या पुढे काय जोडलंय हे कंपनी पाहते. मॅन्युअल स्कॉर्पिओ-एन ४५० ला नेऊन देतो म्हणणाऱ्याला आधी क्लचचं काय ते विचारावं.

याहून कडक उदाहरण फोक्सवॅगनचं. व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडच्या १.५ टीडीआय इंजिनाला जोडलेला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा, आणि त्याची हद्द २५० न्यूटन मीटर. गाडीचा मूळ टॉर्कही २५०च. म्हणजे राखीव काही उरलेलंच नाही. अशा गाडीवर ३०० न्यूटन मीटरची फाइल चढवणं म्हणजे गिअरबॉक्सच्या दुरुस्तीची तारीख जवळ आणणं.

यातून एक सोपा नियम निघतो. आपल्या गाडीचंच इंजिन कंपनीने स्वतः सर्वांत जास्त किती ताकदीला विकलं ते शोधावं. मग त्या आवृत्तीत टर्बो, इंटरकूलर, इंजेक्टर, क्लच आणि गिअरबॉक्स यांतलं काय वेगळं आहे ते पार्ट नंबर जुळवून पाहावं. पोलोचं १.५ टीडीआय साध्या आवृत्तीत ९० पीएस आणि २३० न्यूटन मीटर देत होतं, जीटीमध्ये आधी १०५ आणि नंतर ११० पीएस, टॉर्क दोन्ही वेळा २५०. त्या आकड्यांपर्यंतचा रस्ता कंपनीने चालून दाखवलेला आहे. त्यापुढचा रस्ता मालकाच्या खर्चाने शोधायचा असतो.

आधी काय जातं

सहसा क्लच. खंबाटकीच्या चढाला गाडी चौथ्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमवर आहे. समोर ट्रक संपतो, चालक पेडल तळाला टेकवतो. टर्बो भरतो, गाडी झेप घेते, आणि २,२०० च्या आसपास आरपीएमचा काटा एकदम २,८०० वर उडी मारतो. वेगाचा काटा मात्र जागचा हलत नाही. दोन-तीन सेकंदांत काटा खाली येतो आणि केबिनमध्ये करपल्याचा वास शिरतो. क्लच प्लेट सरकली. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला आणि चढावर हे आधी दिसतं, कारण तिथेच टॉर्क सर्वांत जास्त आणि गाडीचा विरोधही सर्वांत जास्त. एकदा सरकलेली प्लेट तापून गुळगुळीत होते आणि मग थोड्या टॉर्कलाही सरकते.

मोठ्या डिझेल गाड्यांत क्लचच्या जोडीला दुहेरी फ्लायव्हील असतं. दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा, इंजिनाचे धक्के गिळण्यासाठी. खालच्या आरपीएमला टॉर्क वाढला की या स्प्रिंगा शेवटापर्यंत दाबल्या जातात. इंजिन बंद करताना खडखड आवाज, न्यूट्रलमध्ये कंप, ही त्याची लक्षणं. क्लच आणि हे फ्लायव्हील एकत्र बदलायची वेळ आली तर बऱ्याच गाड्यांत तो खर्च रिमॅपच्या खर्चाला मागे टाकतो.

दुसरा क्रमांक टर्बोचा. त्याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. एका टोकाला लालभडक एक्झॉस्ट, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. बूस्टची मागणी वाढवली की वेग वाढतो, आणि एअर फिल्टर चोंदलेला असेल किंवा इंटरकूलरचा पाइप फाटलेला असेल तर मागितलेला बूस्ट भरून काढायला टर्बो आणखी जोराने धावतो. दांड्याची फट वाढली की तेल गळायला लागतं, हवेच्या पाइपात तेलाचा ओघळ दिसतो आणि धूर निळसर होतो. फार झालं तर पातं तुटतं आणि तुकडे इंजिनाच्या दिशेने जाऊ शकतात.

त्यानंतर तापमान. पूर्ण भारावर डिझेलच्या एक्झॉस्टचं तापमान टर्बोआधी सातशे अंशांपलीकडे जातं. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन टिकतो तो खालून त्याच्यावर तेलाची धार मारली जाते म्हणून, आणि चालक पेडल कधीतरी सोडतो म्हणून. ओव्हरटेकच्या दहा सेकंदांत काही बिघडत नाही. काळा धूर सोडत दहा मिनिटं घाट चढणाऱ्या गाडीत मात्र पिस्टनचा माथा भाजतो. इंजेक्टर टपकत असेल तर एकाच सिलिंडरमध्ये भोक पडतं आणि बाकीचे तीन ठणठणीत राहतात.

सर्वांत कमी बोललं जातं ते बेअरिंगबद्दल. तेराशे-चौदाशे आरपीएमला तेलाचा थर पातळ असतो. त्याच वेळी सिलिंडरमधला दाब वाढवला की कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर घाव बसतात. बाहेर काही कळत नाही, आणि जेव्हा ठोका ऐकू येतो तेव्हा इंजिन उघडण्याशिवाय पर्याय उरलेला नसतो. खालच्या आरपीएमचा टॉर्क आवरून ठेवा, हा आग्रह त्यासाठी.

बीएस ६ च्या गाड्या

एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो भरला की कंट्रोलर जास्तीचं डिझेल सोडून त्याला सहाशे अंशांच्या आसपास तापवतो आणि काजळी जाळतो. रिमॅपने काजळी वाढली की हे चक्र वारंवार सुरू होतं. शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते अर्धवट राहतं, डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. मग कोणीतरी डीपीएफ कापून, ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) बंद करून, सॉफ्टवेअरला गप्प करून देण्याचा सल्ला देतो. तो ऐकू नये. त्याने गाडी बेकायदा होते आणि जी काजळी फिल्टरमध्ये अडायची ती मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या छातीत जाते.

सॉफ्टवेअरने उत्सर्जन किती बदलतं याचा धडा फोक्सवॅगनने सप्टेंबर २०१५ मध्ये जगाला दिला, तिच्या डिझेल गाड्यांत फक्त चाचणीपुरतं उत्सर्जन कमी ठेवणारं सॉफ्टवेअर असल्याचं उघड झालं तेव्हा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. त्या दुरुस्तीचा गाभाही सॉफ्टवेअरचाच होता.

कायदा, वॉरंटी, विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडक लावला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नाक्यावरच्या पोलिसाला रिमॅप दिसत नाही, म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

वॉरंटीचं तर सरळ आहे. कंट्रोलरमध्ये किती वेळा सॉफ्टवेअर घातलं गेलं याची नोंद बऱ्याच गाड्यांत राहते. मूळ फाइल परत टाकली तरी तो आकडा वाढलेलाच राहतो आणि सर्व्हिस सेंटरच्या यंत्रावर दिसतो. टर्बो किंवा गिअरबॉक्सचा मोठा दावा आला की कंपनी तो आधी तपासते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या तपासणीत निघाला तर दाव्यावर वाद होऊ शकतो. अपघातात दुसऱ्याला इजा झालेली असेल तर हा वाद फार महाग पडतो.

हरवलेले घोडे आधी शोधा

ऐंशी हजार किलोमीटर धावलेली ९० पीएसची गाडी प्रत्यक्षात ९० देत असेल असं नाही. रिमॅपचा विचार करणाऱ्याने आधी त्या हरवलेल्या घोड्यांचा शोध घ्यावा. एअर आणि डिझेल फिल्टर नवे टाकावेत. इंटरकूलरच्या रबरी पाइपांना हात लावून तेलकट चीर आहे का पाहावं; बूस्ट तिथून निसटतो आणि हिस्स असा आवाज येतो. काजळीने अडकलेली व्हीजीटीची पाती आणि माखलेला ईजीआर साफ करावा. इंजेक्टरच्या परतीच्या डिझेलची चाचणी करावी. चार नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालवलं की कुठला इंजेक्टर जास्त डिझेल परत फेकतोय ते डोळ्यांनी दिसतं. या कामानंतर अनेक मालकांचा रिमॅपचा हट्ट आपोआप सुटतो.

मग गाडी स्कॅनरला जोडून तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजारापासून चार हजार आरपीएमपर्यंत एक पूर्ण ओढ मारावी आणि नोंद घ्यावी. मोकळा रस्ता आणि शेजारी स्कॅनर सांभाळणारा दुसरा माणूस हवा. नोंदीत मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट हे दोन रकाने शेजारी शेजारी पाहावेत. मागणी २,२०० मिलिबार आणि मिळाले २,००० असतील, तर टर्बो किंवा पाइप आजारी आहे. रेलच्या दाबाचंही तसंच. आजारी गाडीवर फाइल चढवू नये.

ट्यूनरला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: माझ्या गाडीची मूळ फाइल वाचून मला देणार का? दुसरा: १,५०० ते २,००० आरपीएममध्ये टॉर्क किती राहील, आणि गिअरनुसार मर्यादा ठेवणार का? तिसरा: धुराची, एक्झॉस्टच्या तापमानाची आणि उंचीची चाळणी जागेवर ठेवणार ना? चौथा: कामाआधी आणि नंतरची नोंद दाखवणार का? पाचवा: क्लच सरकला तर पुढे काय? या प्रश्नांवर जो वैतागतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये. इंटरनेटवरून उतरवलेली तयार फाइल दर गाडीला तीच चढवणाऱ्याकडेही नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असू शकते.

डायनोच्या कागदाकडेही डोळे उघडे ठेवून पाहावं. यंत्र ताकद मोजतं ती चाकांवर. इंजिनाची ताकद सांगताना मधल्या घर्षणापोटी काही टक्के अंदाजाने मिळवले जातात, आणि तो अंदाज थोडा सढळ ठेवला की कागदावरचे घोडे फुकट वाढतात. म्हणून रिमॅपआधी आणि नंतर त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये घेतलेल्या दोन आलेखांमधला फरक तेवढा खरा मानावा.

नंतरची शिस्त

रिमॅप केलेल्या गाडीचं ऑइल कंपनीच्या मुदतीच्या आधी बदलावं. पंधरा हजारांची मुदत असेल तर दहाच्या आत. डीपीएफ असलेल्या गाडीला कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच कमी राखेचं ऑइल घालावं. सकाळी इंजिन तापेपर्यंत पेडल अर्ध्यावर ठेवावं. घाट चढून वर चहाला थांबलात तर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावं, नाहीतर तापलेल्या टर्बोत तेल करपून चिकटतं. ओव्हरटेकला दम हवा असेल तेव्हा आधी एक गिअर खाली टाकावा आणि मगच पेडल दाबावं. चौथ्या-पाचव्यात हजार-बाराशे आरपीएमला पेडल तळाला नेण्याची सवय कायमची सोडावी. धूर काळा झाला, क्लचचा वास आला, तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला किंवा पाइपात तेल दिसलं, तर त्याच आठवड्यात मूळ फाइल परत टाकावी आणि मग कारण शोधावं.

निकाल सांगायचा तर असा. गाडी बीएस ६ ची असेल, वॉरंटीत असेल किंवा कोरड्या क्लचच्या डीएसजीची असेल, तर रिमॅपचा विचार सोडून द्यावा. गाडी लाखभर किलोमीटर धावली असेल आणि वर सांगितलेली तपासणी झालेली नसेल, तर आधी तपासणी. सुदृढ, जुनी, मॅन्युअल गाडी असेल आणि कायद्या-विम्याची जोखीम समजून घेऊनही मालकाचा निश्चय पक्का असेल, तर टॉर्कची वाढ दहा-पंधरा टक्क्यांत ठेवावी, दोन हजार आरपीएमच्या खाली ती जवळजवळ नसावी, आणि क्लचचे पैसे बाजूला काढून ठेवलेले असावेत. ते पैसे नसतील, तर रिमॅपही परवडत नाही.